खाली ठेवता येणारं वजन

ताकद कशासाठी असते? प्रश्न बाळबोध वाटतो. पण घरात पगार कुणाच्या पाठीवरून येतो, त्यावर त्याचं उत्तर ठरतं. ज्या घरात ताकद विकून किराणा भरला जातो, तिथे संध्याकाळी ती ‘उगाच’ खर्च करणं विचित्रच दिसतं. जिममध्ये पैसे देऊन घाम गाळणारा माणूस आणि पैसे मिळावेत म्हणून घाम गाळणारा माणूस एकाच रस्त्यावरून घरी जातात. दोघांचा घाम सारखाच खारट. मग फरक कशात आहे? हा प्रश्न मला रबराच्या एका पट्ट्याने घातला.

मी कोराडीत राहते. बाहेरच्या माणसाला आमचं गाव दोन गोष्टींमुळे माहीत असतं, जगदंबेचं मंदिर आणि वीजकेंद्राच्या चिमण्या. बाबा एका वखारीत माल चढवतात-उतरवतात. मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून बिलं नोंदवते. बसून बसून पाठ आखडायला लागली, तेव्हा चारशे रुपयांच्या आत येणारा रेझिस्टन्स बँडचा संच मागवला. जिमची फी परवडणारी नव्हती आणि लोखंडी डंबेल्स ठेवायला दोन खोल्यांत जागा नव्हती. हे पट्टे डब्यात मावतात. दाराच्या फटीत अडकवायचे आणि ओढायचे.

बाबांनी दोन-तीन दिवस पाहिलं आणि म्हणाले, “एवढा जोर लावून राहिली, पण उचलून काय राहिली?”

ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या हिशेबात जोर लावला की काहीतरी इथून तिथे जायला हवं. पोतं ट्रकमध्ये, पाणी टाकीत, विटा माळ्यावर. मी पंधरा मिनिटं ओढत होते आणि खोलीतली एकही वस्तू हललेली नव्हती. ‘फिटनेस’ हा शब्द वापरून त्यांना उत्तर देता आलं असतं, पण ते उत्तर झालं नसतं. त्यांचा प्रश्न होता, ही ताकद वाया जात नाही का?

आधी त्यांच्याच मापाने मोजून पाहू. कोराडीत ऊर्जा युनिटमध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. बँड ओढताना मी सरासरी पाच किलोचा जोर साठ सेंटीमीटर अंतरात लावते असं धरलं, तर एका ओढीत तीसेक ज्यूल काम होतं. रोज तीनशे वेळा ओढलं, तर एका युनिटइतकं काम व्हायला चारशेहून जास्त दिवस लागतील. आमच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यातला एकच पूर्ण क्षमतेने चालला तरी सेकंदाला १८० हून जास्त युनिट बाहेर पडतात. म्हणजे माझा वर्षाचा घाम, त्या संचाच्या एका पापणीइतकाही नाही. बाबांचं म्हणणं खरं ठरलं, वायाच.

पण आता हेच माप बाबांना लावू. पन्नास किलोचं पोतं सव्वा मीटर उचललं की पोत्यावर झालेलं काम सुमारे ६१० ज्यूल. दिवसाला दोनशे पोती धरा. एका युनिटइतकं काम व्हायला जवळपास तीस दिवस लागतात. महिनाभर पाठ मोडायची, आणि त्याची वीज किती, तर भिंतीवरचा दिवा काही रात्री जळेल एवढी. तिची किंमत काही रुपये.

हा आकडा निघाल्यावर मी थोडा वेळ गप्प बसले. मग लक्षात आलं की इथे चूक बाबांची नाही, मापाची आहे. माणसाची ताकद ‘किती काम झालं’ यावर मोजायला गेलं, तर हमाली आणि व्यायाम दोन्ही शून्याच्या जवळ जातात. यंत्र दोघांनाही सहज हरवतं. बाबांना मजुरी मिळते ती ज्यूलची नाही. मिळते ती त्यांच्या आयुष्यातल्या आठ-दहा तासांची, त्यांच्या खांद्याच्या सांध्याची आणि पोतं कुठे, कसं, कुणाच्या पायावर न पडता ठेवायचं या अकलेची. विकला जातो तो जोर नव्हे, वेळ आणि शरीर. म्हणून ‘तुझा जोर वाया जातो का’ हा प्रश्न मी वेगळा विचारते. ‘हा जोर लावायचा की नाही, किती लावायचा आणि कधी थांबायचं, हे कोण ठरवतं?’

इथे विज्ञानही एक विचित्र गोष्ट सांगतं. अंगमेहनत आरोग्याला चांगली, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण २०१८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एक आढावा आला. त्यात जवळपास दोन लाख लोकांची माहिती एकत्र केली होती. कामावर जड मेहनत करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त दिसला. फावल्या वेळातला व्यायाम मात्र आयुष्य वाढवतो असंच वारंवार दिसलेलं आहे. या कोड्यावर अजून वाद आहेत. गरिबी, व्यसनं, आहार यांचा वाटा किती, हे संशोधक भांडून ठरवत आहेत. पण मूळ कल्पना समजायला सोपी आहे. स्नायू ओझ्याखाली वाढत नाही, ओझं उतरल्यावर वाढतो. ताण, मग विश्रांती, मग थोडा जास्त ताण, हा त्याचा क्रम. व्यायामात हा क्रम तुमच्या हातात असतो. आज खांदा दुखतोय, तर आज पाय करू. हमालीत ट्रक उभा असतो. खांदा दुखो की न दुखो, तेच पोतं, तोच खांदा, तीच फळी, आणि उद्या पुन्हा तेच.

माझी व्याख्या त्यातून तयार झाली. व्यायाम म्हणजे असं ओझं, जे तुम्हाला वाटेल तेव्हा खाली ठेवता येतं.

बँड हे या व्याख्येचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. लोखंडाचं वजन पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच असतं. रबर जितकं ताणाल तितकं जड होतं. अर्धा पाऊल पुढे या, हलकं. अर्धा पाऊल मागे जा, जड. जोर किती लागेल ते तुम्ही उभं राहायच्या जागेवरून ठरवता. आणि परत जाताना सावकाश जावं लागतं. सोडून दिलं तर पट्टा फटकारतो, आणि स्नायूची निम्मी मेहनत त्या सावकाश परतण्यातच असते. एक गंमत करून पाहा. पट्टा झटकन ताणा आणि लगेच ओठाला लावा, कोमट लागेल. थोडा वेळ ताणलेला धरून मग सैल सोडा आणि पुन्हा ओठाला लावा, गार लागेल. ताणताना रबराचे गुंतलेले रेणू एका दिशेला रांगेत येतात आणि उष्णता बाहेर पडते. सोडलं की ते पुन्हा मोकळे होतात आणि उष्णता आत घेतात. रबरालासुद्धा मोकळं व्हायची ओढ असते, त्याचा सगळा जोर त्या ओढीतूनच येतो.

हे साधन खेळण्यासारखं दिसतं म्हणून ते खोटं नाही. २०१९ मधल्या एका आढाव्यात बँडने केलेल्या आणि वजनं-यंत्रांनी केलेल्या व्यायामाची तुलना झाली, तेव्हा ताकदीतल्या वाढीत ठळक फरक दिसला नाही. रंगीत पट्ट्यांची ओळखीची पद्धत १९७८ साली अमेरिकेत थेराबँडपासून रूढ झाली, आणि ती जिमसाठी नव्हती. ती फिजिओथेरपीसाठी होती, मोडलेल्या, थकलेल्या, ऑपरेशन झालेल्या शरीरांसाठी.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी घरात दिसलं. मागच्या पावसाळ्यात बाबांचा खांदा धरला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम सांगितला, कोपर कमरेला चिकटवून पिवळा बँड बाहेरच्या बाजूला ओढायचा. पिवळा म्हणजे जवळजवळ सगळ्यात हलका. रोज क्विंटलांनी माल उचलणाऱ्या माणसाला तो दहा वेळा ओढता येईना. आठव्या वेळेला हात थरथरला. आई पाहत होती, मी पाहत होते, आणि बाबा आमच्यापैकी कुणाकडेच पाहत नव्हते. बावीस वर्षं त्यांनी ताकद वापरली होती. ती राखायला मात्र कुणी एक दिवस दिला नव्हता.

हा दिवस, म्हणजे ओझं खाली ठेवण्याचा हक्क, आपल्याकडे आपोआप आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित केलं, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. आज आपण रविवारी उशिरापर्यंत लोळतो, ते लोळणं कुणीतरी लढून मिळवलेलं आहे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पोतं शंभर किलोचं नको, पन्नासचं हवं, यासाठी हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. पोत्याचं वजन हा मला नीतिशास्त्राचा प्रश्न वाटतो. ते किती असावं, हे उचलणाऱ्याला विचारायचं की विकणाऱ्याला?

म्हणून ‘परवडणारा व्यायाम’ या शब्दांपाशी मी अडखळते. पट्टा चारशे रुपयांत आला, हे खरं. पण वस्तू स्वस्त झाली की दोष महाग होतो. रील उघडा, पिळदार दंडाचा कुणीतरी सांगत असतो, “आता कारणं देऊ नका.” पैसे नाहीत हे कारण संपलं, म्हणजे आता जे उरलं तो तुमचा आळस. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. सल्ला योग्यच आहे. पण माझी आई पाचला उठते. पाणी, डबे, चार घरची पोळ्यांची कामं, पुन्हा स्वयंपाक. तिला पट्टा नको आहे असं नाही. तिला दार लावून घेता येईल अशी वीस मिनिटं नाहीत. एकदा मी आग्रह केला तेव्हा ती म्हणाली, “करतो ना वं माय, पण गॅसवर वरण कोण पाहीन?” यावर कुठला ट्रेनर काय उत्तर देईल?

व्यायामाची खरी किंमत रबराची नसते. ती वेळेची असते, जागेची, पोटभर डाळ-अंड्याची आणि झोपेची. यातलं काहीच ऑनलाइन सवलतीत मिळत नाही.

मग मी व्यायाम सोडावा का? बाबांच्या खांद्याकडे पाहून मला माझा घाम चैनीचा वाटावा का? काही दिवस तसं वाटलं. पण माझ्या अपराधीपणाने बाबांचं एक पोतंही हलकं होत नाही. ज्या गोष्टीचा हक्क सगळ्यांना हवा, ती मला मिळाली म्हणून ती टाकून देणं हा न्याय नाही. ती पुढे सरकवणं हा न्याय. मोठ्या कायद्यांची लढाई आपल्या परीने लढायचीच, पण वरणावर लक्ष ठेवणं मला आजही जमतं. मंगळवार आणि शनिवार, वीस मिनिटं, गॅस माझ्याकडे आणि पट्टा आईकडे. ती दार लावून घेते. आत काय करते ते मी विचारत नाही.

आपल्याकडे ताकदीला नेहमी एक मोठं कारण लागलं. तालमीत मारुती, आखाड्यात उस्ताद, स्वातंत्र्याच्या काळात देश. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं, तेव्हा शरीर कमावणं हे राष्ट्रकार्यच मानलं जात होतं. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण तिच्यातही शरीर कुणाच्या तरी कामी येण्यासाठीच होतं. कुणाच्याही कामी न येणारी, विकायची नसलेली, दाखवायचीही नसलेली थोडी ताकद माणसाकडे असावी, असं मला वाटतं. गरीब माणसाकडे तर नक्कीच असावी. कारण त्याच्या शरीराचा बाकी सगळा भाग आधीच कुणाच्या तरी हिशेबात धरलेला असतो.

तुम्ही पट्टा घेणार असाल, तर दोन गोष्टी. दारात अडकवताना अशा बाजूने उभे राहा की ओढल्यावर दार बंद होईल, उघडणार नाही. आणि तो गच्चीवर उन्हात ठेवू नका. विदर्भाच्या मे महिन्यात रबराला बारीक चिरा पडतात आणि तो तोंडावर तुटू शकतो. प्रत्येक वेळी ओढण्याआधी बोट फिरवून पाहा. जिथे चीर दिसेल, तिथे ताण देऊ नका.

रबराच्या बाबतीत ही काळजी आपल्याला लगेच पटते. माणसाच्या खांद्याच्या बाबतीत ती पटायला कायदे करावे लागतात.