कूफ्याच्या मशिदीतला दुसरा माणूस

इयादतीला येणाऱ्यांची वाक्ये ठरलेली असतात. "शुक्र करा, डोक्याला लागलं नाही." "शुक्र करा, मागून ट्रक येत नव्हता." २०२३ च्या जुलैत शाळेतून परतताना मुंबई-गोवा महामार्गावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आमची मोटरसायकल गेली आणि उजव्या मांडीचे हाड मधोमध मोडले. (आम्ही उर्दूवाले एकट्यापुरतेही 'हम' म्हणतो. ती सवय मराठीतही उतरली आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) हाडात सळई बसवली गेली आणि एका सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात आम्ही सोळा दिवस पडून होतो. पुढे पुढे तर पाहुण्यांच्या आधी आम्हीच म्हणू लागलो, "अल्लाहचा शुक्र, पाय तरी वाचला."

एकदा हे वाक्य जरा मोठ्याने म्हटले गेले. मामूंना ऐकायला कमी येते म्हणून. शेजारच्या खाटेवर एक टेम्पोचालक होता, वयाने आमच्याएवढाच. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. त्याने अंगावरची चादर नीट केली आणि तोंड भिंतीकडे वळवले. बाकी काही नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. आमची नेमत मोजायला आम्ही त्याचा पाय माप म्हणून वापरला होता, आणि तेही त्याच्या कानांवर पडेल असे.

शेख सादींच्या 'गुलिस्तान'मधली (१२५८) एक हिकायत आम्ही दरवर्षी वर्गात सांगत आलो आहोत. पायात जोडा नाही, घ्यायला पैसा नाही, म्हणून खिन्न मनाने सादी कूफ्याच्या जामा मशिदीत शिरतात. तिथे त्यांना पायच नसलेला एक माणूस दिसतो. ते अल्लाहचे आभार मानतात आणि अनवाणी राहणे सोसतात. बी.एड.च्या पाठ टाचणात आम्ही या हिकायतीपुढे उद्दिष्ट लिहिले होते : 'विद्यार्थ्यांत समाधानवृत्ती निर्माण होते.' मार्गदर्शकांनी त्यावर बरोबरची खूणही केली होती.

पण त्या दुसऱ्या माणसाने काय करायचे? त्याने कोणाकडे पाहायचे? डोळे नसलेल्याकडे? आणि त्या आंधळ्याने? ही उतरंड कुठेतरी संपणार. सगळ्यांत खाली जो उभा आहे, त्याच्यावर शुक्र वाजिब नाही असे का मानायचे?

दुनियेच्या बाबतीत आपल्यापेक्षा खालच्याकडे पाहा, असे हदीसमध्ये आले आहे. ते आम्हाला मान्यच आहे. त्यावर वाद घालण्याची आमची लायकी नाही. पण त्याचे कारणही तिथेच सांगितले आहे : स्वतःला मिळालेल्या नेमतीला तुच्छ लेखू नये म्हणून. तो हाव आणि हेवा यांवरचा इलाज आहे. खालच्याचे दुःख पाहून आपण सुखावावे, असे त्यात कुठे आहे? औषध दुखण्यापुरते घ्यायचे असते. आम्ही त्याचा खुराक केला.

इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये एका सूफीचा उल्लेख केला आहे. आपल्या नेमतींची जाण राहावी म्हणून तो रोज रुग्णालयात आणि कब्रस्तानात जात असे. हे वाचले तेव्हा आम्ही पाहायला जाणाऱ्याच्या बाजूचे होतो. आता आम्ही खाटेवर होतो आणि लोक येऊन आमच्यावरून आपापला शुक्र करून जात होते. एका पालकाने तर आमच्यादेखत मुलाला सांगितले, "बघ, गाडी हळू चालवत जा." तो चुकला नव्हता. तरी आम्हाला ते लागले.

तोच गझालींचा ग्रंथ सांगतो की शुक्राचे तीन भाग आहेत : इल्म, हाल आणि अमल. इल्म आमच्याकडे होते, हालही होता, डोळे वारंवार भरून येत. अमलचे काय? तिथे आमची परीक्षा एका मावशीने घेतली. रात्री भांडे द्यायला आणि न्यायला तीच असे. आम्हाला 'बाळा' म्हणे. दिवसातून पन्नासदा अलहम्दुलिल्लाह म्हणणारी आमची जीभ तिच्यापुढे जड होई. अल्लाहचा शुक्र करताना माणूस आपल्याच नजरेत थोडा मोठा होतो. मावशीचे आभार मानायचे तर आपण किती लाचार आहोत हे तिच्या तोंडाकडे पाहून कबूल करावे लागते. 'तिला पगार मिळतो' अशी आम्ही मनाची समजूत घालत असू. जो माणसांचा शुक्र करत नाही तो अल्लाहचाही करत नाही, ही हदीस आम्ही शाळेच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेली होती. बाराव्या दिवशी धीर करून तिचे नाव विचारले. ती हसली. "कशाला? तक्रार करायची हाय का?"

टेम्पोचालकाला त्याच्या आदल्या दिवशीच डिस्चार्ज मिळाला होता. मधल्या दिवसांत, आम्हाला कुशीवर वळता येत नसताना, खाली पडलेली आमची पाण्याची बाटली तो कुबडीने ओढून वर देत असे. आम्ही 'शुक्रिया' म्हणत असू, पण बोलायचे ते बोललोच नाही. जाताना तो खाटेपाशी थांबला. "लवकर चालायला लागा, मास्तर." आम्ही मान हलवली. फोन नंबरसुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. शुक्राचे शब्द ओठांवर आले की आधी पाहतो, हे शेजारच्या खाटेवर ऐकू गेले तर चालेल का? पुष्कळ वाक्ये गळून पडतात. सात महिने खुर्चीवर बसून नमाज झाली. फेब्रुवारीत पहिल्यांदा कपाळ जमिनीला टेकले, तेव्हा जे मनात आले ते त्या टेम्पोचालकासमोर म्हणता आले असते. त्याला ते ऐकवायचे राहून गेले.

त्यानंतर सातवीच्या वर्गात हिकायत सांगायची वेळ आली. आम्ही मशिदीच्या दारापर्यंत पोहोचलो आणि थांबलो. मुलांना विचारले, "तो पाय नसलेला माणूस तिथं कशाला आला होता?"

"नमाजला, सर. आणखी कशाला?" एक मुलगा म्हणाला.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण सर, त्याला तिथवर आणलं कोणी?"