दंडावरच्या दोन खुणा

माझ्या डाव्या दंडावर दोन खुणा आहेत. वरची देवीची, खालची बीसीजीची, असं आई सांगायची. उलटंही असेल, तिचाही गोंधळ व्हायचा. देवीच्या लसीने तो रोगच जगातून घालवला. बीसीजीने क्षय काही गेला नाही. दोन्ही लशी कातडीतून दिलेल्या, दोन्हींचा व्रण तसाच गोल. मग एवढा फरक का पडला, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत आला आहे.

बीसीजी टोचताना जवळून पाहिलं आहे का? लस अर्धा दशांश मिलिलीटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. सिस्टर बाळाच्या दंडाची कातडी दोन बोटांनी ताणून धरतात, सुई जवळजवळ आडवी करतात आणि टोक कातडीच्या वरच्या थरातच थांबवतात. दट्ट्या दाबताना अडखळायला हवा. लस सहज आत गेली तर चुकलं, सुई खोल गेली. बरोबर बसली की संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची पांढुरकी गांधी उठते. ती अर्ध्या तासात बसते, आणि काही आठवड्यांनी तिथेच फोड येतो, पिकतो, फुटतो, खपली धरतो. गावातली सर्वांत अवघड सुई हीच, असं एका अनुभवी सिस्टरनी मला सांगितलं होतं.

ही लस मुळात टोचायची नव्हतीच. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेराँ यांनी 1908पासून गाईच्या क्षयाचा जंतू बैलाचं पित्त घातलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवला. दर तीन आठवड्यांनी नवी फोड, अशी तेरा वर्षं, 230 वेळा. जंतू जिवंत राहिला, पण त्याची नांगी गेली. क्षय आतड्यातून शरीरात शिरतो असं काल्मेतचं मत होतं. म्हणून 1921 साली पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला ती तोंडावाटे पाजली. आईला क्षय होता.

मात्र पाजलेल्या लसीतली किती लागू पडली हे कळायचं कसं? कातडीचा मार्ग आला तो या प्रश्नातून. फॉन पिर्केने 1907 साली व्हिएन्नात आणि पाठोपाठ मॉन्टूने फ्रान्समध्ये दाखवलं होतं, की ट्यूबरक्युलिनचा, म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेल्या अर्काचा, थेंब कातडीत दिला की क्षयाची ओळख झालेल्या शरीरात तिथे गाठ उठते. स्वीडनमध्ये आर्विद वालग्रेनने 1927 साली लसच कातडीत द्यायला सुरुवात केली. माप ठरावीक राहतं, आणि पुढे ट्यूबरक्युलिन देऊन पडताळताही येतं. म्हणजे कातडी निवडली ती सोय म्हणून, हिशेब ठेवायची पाटी म्हणून. त्यानंतर 1930 साली जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये प्रयोगशाळेत जहाल जंतू मिसळलेली लस पाजली गेली, सत्तरहून अधिक बाळं दगावली. दोष बीसीजीचा नव्हता, पण पाजण्याच्या पद्धतीवरचा विश्वास पुढे हळूहळू उडाला.

पाटीवर भरवसा ठेवायची सवय लागली की जड जातं. आपल्याकडे चेंगलपट्टू जिल्ह्यात 1968 साली बीसीजीची प्रचंड चाचणी सुरू झाली. लस दिलेल्यांच्या कातडीने ट्यूबरक्युलिनला सुरुवातीला उत्तम जबाब दिला. 1979मध्ये निकाल आला: मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण जवळपास नाहीच. लहान मुलांना मेंदूच्या आवरणाचा आणि अंगभर पसरणारा क्षय होऊ नये म्हणून ती आजही द्यावी लागते, आणि तेवढ्यापुरती ती चोख काम करते. पण कातडी ‘हो’ म्हणाली म्हणून फुफ्फुसही ‘हो’ म्हणेल असं नाही, हा धडा मिळाला तो आपल्या मातीत.

दरम्यान कातडीबद्दलचं मतच बदललं. बर्लिनमध्ये 1868 साली पाउल लांगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने सोन्याचा क्षार वापरून कातडी रंगवली, तेव्हा त्याला फांद्याफांद्यांच्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. पुढे त्यालाच क्षय झाला आणि हवापालटासाठी तो मदेइरा बेटावर जाऊन राहिला. रॅल्फ स्टाइनमनने 1973मध्ये अशाच फांद्यांच्या पेशी प्लीहेत पाहून त्यांचं वर्णन केलं, आणि त्यांचं खरं काम हळूहळू उलगडलं: परक्या जंतूचा तुकडा उचलायचा, जवळच्या लसिकाग्रंथीत न्यायचा आणि प्रतिकार करणाऱ्या टी पेशींना दाखवायचा. लांगरहान्सच्या पेशी याच कामातल्या ठरल्या. शरीराची पिशवी समजली जाणारी कातडी आता पहारेकऱ्यांची चौकी झाली.

या नव्या समजुतीवर उभा राहिलेला एक पीएच.डी.चा विषय म्हणजे ऑक्सफर्डच्या हेलन मॅकशेन यांचा. 1990च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी देवीच्या लसीतल्याच विषाणूचा दुबळा केलेला वाण घेतला, त्यात क्षयजंतूचं 85ए हे प्रथिन बनवणारा जनुक बसवला आणि बीसीजी टोचलेल्यांना तो कातडीत द्यायचं ठरवलं. माझ्या दंडावरच्या दोन्ही खुणा या मार्गाने एकत्र आल्या, असं मला वाचताना वाटलं होतं. 2002 साली ही लस माणसांवरच्या चाचणीत गेली. स्वयंसेवकांच्या रक्तात टी पेशी भरघोस वाढल्या. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत वुस्टरजवळ 2,797 बाळांवर मोठी चाचणी झाली. 2013 साली निकाल आला: लस दिलेल्यांत 32 बाळांना क्षय, न दिलेल्यांत 39. योगायोगाने पडावा एवढाच फरक.

पंधरा वर्षांच्या कामावर पाणी पडलं असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. रक्तात मोजलेल्या टी पेशी म्हणजे संरक्षण नव्हे, हे इतक्या स्वच्छपणे आधी कोणी दाखवलं नव्हतं. मॅकशेन यांनी पुढे तीच लस फवाऱ्याने फुफ्फुसात देऊन पाहिली. अमेरिकेत 2020 साली माकडांना बीसीजी थेट शिरेतून दिली, तर दहापैकी नऊ जवळपास सुरक्षित राहिली. कातडीतून दिलेल्यांचा निकाल फारच मागे होता. मार्ग बदलला की तीच जुनी लस वेगळी वागते. पण उपकेंद्रात तान्ह्या बाळाची शीर शोधणार कोण?

म्हणून कातडी सुटत नाही. 1998 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या संशोधकांनी केसाहून बारीक सुयांची पट्टी बनवली. गोवर-रुबेलाची लस अशा पट्टीतून गांबियातल्या लहान मुलांना देऊन झाली, आणि बीसीजीची पट्टी गिनीपिगांवर पाहून झाली आहे. अडखळणाऱ्या दट्ट्याचं कसब पट्टीला लागत नाही, ही मोठी गोष्ट. फुफ्फुसाचा प्रश्न मात्र पट्टीने सुटत नाही, आणि हे दोन प्रश्न एकच असल्यासारखं बोललं जातं तेव्हा मी सावध होतो. पट्टीत काय भरायचं हे आधी ठरायला हवं. बर्लिनमध्ये जनुक बदलून केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेलेली व्हीपीएम1002 ही बीसीजीची नवी आवृत्ती त्यासाठीच्या प्रयत्नांपैकी एक. आयसीएमआरने 2019मध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या सुमारे बारा हजार माणसांवर तिची आणि इम्युव्हॅक या दुसऱ्या लसीची चाचणी सुरू केली. दोन्ही लशी कातडीतच द्यायच्या.

तोवर घरातल्या बाळाला फोड आला तर त्यावर हळद-मलम लावू नका, दाबू नका; तो आपला आपण सुकतो. खूण उमटली नाही तर पुन्हा टोचायची गरज नाही. आणि उमटली आहे म्हणून दोन आठवड्यांवर गेलेला खोकला अंगावर काढू नका, थुंकी तपासून घ्या.