पावतीच्या पलीकडे

बाबांच्या पलंगाला उशाकडे लाकडी पाटी हवी, हे मी ठरवलं. त्यांनी मागितली नव्हती. आजारपणानंतर ते दिवसाचा बराच वेळ अंथरुणातच टेकून बसतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात भिंत दिवसभर तापते आणि मध्यरात्र झाली तरी निवत नाही. त्या भिंतीला पाठ लावून बसणं त्यांना सोसवेना. लाकूड तसं चटका देत नाही. कारण एवढंच होतं. पण काम हाती घेतलं तसे मनात एकेक हेतू वर येऊ लागले, आणि त्यांतले सगळेच बाबांच्या पाठीसाठी नव्हते. ते नीट तपासावेत म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडे पलंग म्हटला की सागवानच. आलापल्लीचं आणि बल्लारशाचं सागवान हा इथल्या माणसाचा अभिमान आहे. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथलं लाकूड मिरवणुकीने निघालं, तेव्हा मलाही भरून आलं होतं. आईबापासाठी काही करायचं तर ते सागाचंच करावं, हे मी कधी विचारपूर्वक ठरवलं नाही. ते आधीपासून ठरलेलंच होतं.

ओळखीतल्या एकाने निरोप पाठवला, "बिल नाही सर, पण माल पाहून घ्या जी. असा गाभा डेपोत भेटत नाही आता." मी नाही म्हटलं, आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. संध्याकाळी त्या खुशीचंच ओझं वाटू लागलं. मी नकार देऊ शकलो, कारण मला वनविभागाच्या डेपोचा दर परवडत होता. शिक्का मारलेलं लाकूड, वाहतुकीचा परवाना, पक्की पावती हे सगळं पैसे मोजून मला मिळत होतं. माझा प्रामाणिकपणा खोटा नव्हता, पण त्याला काहीच किंमत द्यावी लागली नव्हती. त्याला सद्गुण म्हणावं का, याची मला खात्री नाही.

जंगलालगतच्या गावात उलटं असतं. मध्य प्रांताच्या काळापासून या भागात निस्तार चालत आला: नांगरासाठी, घरासाठी लाकूड, सरपण, गुरांना चराई. राखीव जंगलाचे नियम कडक होत गेले तसं ते आकसत गेलं. वनहक्क कायदा आला 2006 मध्ये. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये गावाने आपला बांबू आपल्याच परवान्याने विकला, आणि गावाचं व त्याचे पुढारी देवाजी तोफा यांचं नाव देशभर गेलं. पण त्या कायद्याने दिलेला मालकीचा हक्क गौण वनोपजावर आहे: बांबू, तेंदूपान, मोह, मध. इमारती लाकूड त्यात बसत नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानाची राखण केली, त्यातला साग राखणाऱ्याला विकता येत नाही. मी मात्र शहरातून फोन करून, पावती घेऊन त्याची फळी घरी आणतो. कायद्याने माझं सगळं बरोबर आहे. पण ही विषमता मला ठाऊक होती, आणि फळ्यांचे रेशे न्याहाळताना ती सोयीने बाजूला राहिली.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. साग हे इथलं मूळचं झाड आहे. 2014 मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळालेलं आलापल्लीजवळचं 'वनवैभव' हे जंगल पाहिलं, तर कळतं की साग इतर झाडांच्या गर्दीत वाढतो: ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू. 1974 मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झालं, आणि कित्येक ठिकाणी मिश्र जंगल तोडून तिथे एकट्या सागाच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या रांगांत चैत्रात मोहफूल वेचायला काही नसतं. मग बायकांना फुलांसाठी, सरपणासाठी आणखी आत जावं लागतं, आणि आमच्या जिल्ह्यात आत जाण्याचा अर्थ काय होतो हे वर्तमानपत्र वाचणारा प्रत्येक जण जाणतो. वाघाने मारलेल्या माणसाची बातमी वाचून हळहळणारा मी, आणि भरीव सागासाठी डेपोत चौकशी करणारा मी, हे दोघे एकमेकांना कधी भेटलेच नव्हते.

तरीही मी सागच आणला. हे लपवत नाही. पण मापं घेताना पुन्हा एकदा बाबांपाशी बसलो आणि त्यांना नेमकं काय हवं ते विचारलं. आधी विचारलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात भिंतभर रुंद, वर कोरीव महिरप असलेली पाटी होती. त्या खोलीत नातेवाईक भेटायला येतात. पाटी पाहून "पोराने केली" असं त्यांनी म्हणावं, ही इच्छा महिरपीच्या मुळाशी होती. बाबा म्हणाले, "पाठ टेकता यावी अन्‌ दिव्याचं बटन हाताशी राहावं. बाकी तू पाहा."

महिरप गेली. उंची गादीपासून त्यांच्या खांद्याच्या जरा वर, एवढीच ठेवली. चौकट अरुंद सागाची, आणि मधल्या भागात फळीऐवजी विणलेली बांबूची चटई, हवा खेळती राहावी म्हणून. चौकटीच्या आतल्या कडेला खाच पाडून चटई तिच्यात सैल बसवली, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि घट्ट चिकटवलेला भाग तडकतो. कोपरे रंध्याने गोल केले. वरून जवसाचं तेल दिलं. ते वाळायला वेळ घेतं, घाई चालत नाही. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून पाहत होते आणि गुण्या तिरका धरला की बोलून दाखवत होते.

बांबूचाही हिशेब मांडायला हवा. तो निवडताना पाठीच्या गारव्याइतकाच गडचिरोलीतल्या ग्रामसभांचा विचार मनात होता, आणि त्याच्या मागोमाग, हे लोकांना सांगता येईल, हाही. चांगल्या हेतूला लोकांच्या शाबासकीची आस लगेच चिकटते. ती चिकटेल या भीतीने बांबू टाकून देणं मात्र वेडेपणाचं झालं असतं. आस ओळखून तिच्यासकट काम पुरं केलं.

आता बहीण म्हणते, तिच्या सासूबाईंसाठी अशीच एक पाटी कर. तिला मी अजून होकार दिलेला नाही. आधी तिच्या गावात पाडलेल्या जुन्या घरांची दारं, खांब, वासे कोणाकडे पडून आहेत का, ते पाहायला सांगितलं आहे. तसं लाकूड मिळालं तर करीन. नाही मिळालं तर डेपोत जाईन का, याचं उत्तर आज माझ्यापाशी नाही.