दुसऱ्याच्या पैशाची दया

दया हा सद्गुण आहे, ह्याविषयी कोणी वाद घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वाद असलाच तर तो ती कोणाच्या खर्चाने करावी, ह्याविषयी आहे. नीतीचा विचार करणारे ग्रंथकार दयेविषयी लिहितात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा दोनच माणसे असतात : एक देणारा आणि दुसरा घेणारा. देणाऱ्याजवळ जे आहे ते त्याचेच आहे, हे त्यांनी न बोलता गृहीत धरलेले असते. परंतु संसारात असे प्रसंग थोडे. विश्वस्त, कारभारी, एकत्र कुटुंबाचा कर्ता, सरकारी खजिन्याचा अधिकारी, हे सर्वजण जे देतात ते त्यांचे नसते. आणि ह्याच रांगेत अगदी शेवटी आमच्यासारखा लहानशा सहकारी बँकेचा चालकही उभा असतो.

तालुक्याच्या गावच्या अशा एका बँकेत आमची बरीच वर्षे गेली. मोठ्या शहरातील अधिकाऱ्यास कर्जदार कागदावर भेटतो. आम्हांस तो बाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि मयताच्या घरी भेटतो. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा भावाशी वाटणीवरून तंटा चालला आहे, कोणाच्या दुकानात उधारी फार झाली आहे, हे अर्जात न लिहिलेले सर्व आम्हांस ठाऊक असते. हप्ता थकलेला मनुष्य समोरून येताना दिसला म्हणजे तो कोणत्या बोळात वळेल, हेही आता सवयीने कळते. आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा त्याच्या आधी आम्हीच वळतो. ही जवळीक हेच आमच्या धंद्याचे भांडवल होय, आणि त्याचा रोगही तोच.

मराठीत ‘ऐपत’ आणि ‘पत’ असे दोन शब्द आहेत. ऐपत म्हणजे मनुष्याजवळ काय आहे ते. पत म्हणजे त्याच्याविषयी इतरांस काय वाटते ते. पहिली सात-बाराच्या उताऱ्यावर दिसते, दुसरी कोठेच लिहिलेली नसते. मोठ्या बँका ऐपत पाहून कर्ज देतात. लहान बँकेचा जन्म झाला तो मात्र ज्यांस ऐपत नाही पण पत आहे, अशा लोकांसाठी. शिंपी, न्हावी, रिक्षावाला, हातगाडीवर फळे विकणारा, ह्यांच्याजवळ तारण ठेवण्यासारखे काय असणार? त्यांस आम्हीही दारातून परत पाठवू लागलो तर आमच्या पाटीवरील ‘सहकारी’ हा शब्द पुसून टाकलेला बरा. तेव्हा कठोर राहिले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या पंथाचे आम्ही नाही, हे वाचकांनी प्रथमच ध्यानात घ्यावे.

आता ह्या व्यवहारातील तिसऱ्या माणसाकडे वळू. आमचा अल्पबचत प्रतिनिधी रोज संध्याकाळी मंडईत फिरतो. तेथे एक भाजीवाली त्याच्या हाती कधी पन्नास तर कधी शंभर रुपये देते आणि वर्षाकाठी जमलेल्या रकमेची मुदतठेव करते. वर्षातून दोनदा ती स्वतः बँकेत येते, पासबुक पुढे करते आणि एकच प्रश्न विचारते, ‘माझे पैसे आहेत ना?’ आम्ही सांगतो, ‘आहेत.’ वस्तुतः ते तेथे नसतात. ते कोणाच्या शिलाई यंत्रात, कोणाच्या रिक्षात, कोणाच्या दुकानाच्या पत्र्यात जाऊन बसलेले असतात. आणि ते तेथे आहेत म्हणूनच तिला व्याज मिळते. ‘आहेत’ ह्या आमच्या शब्दाचा अर्थ एवढाच, की ज्यांच्याजवळ ते आहेत त्यांच्यावर आमचा विश्वास आहे. हा अर्थ तिला माहीत नाही, आणि तो समजावून सांगत बसावे असे आम्हांसही कधी वाटले नाही. कर्जदार रडत खुर्चीवर बसलेला असतो तेव्हा ती मंडईत भाजीवर पाणी शिंपडत असते. खुर्चीवरच्याचे अश्रू दिसतात. तिला रडण्याचे कारण पुढे केव्हातरी मिळणार असते, म्हणून ते दिसत नाहीत.

तुकोबांच्या चरित्रात असे सांगतात, की त्यांनी घरच्या सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली. कीर्तनकार हा प्रसंग मोठ्या रसाने रंगवितात, आणि तो आहेही तसाच. परंतु त्यातला एक तपशील रंगाच्या भरात मागे पडतो. खते नदीत जाण्यापूर्वी त्यांची वाटणी झाली. धाकटे बंधू कान्होबा ह्यांचा वाटा तुकोबांनी त्यांच्या स्वाधीन केला, आणि पाण्यात सोडली ती केवळ आपल्या वाट्याची खते. भावाच्या वाट्यावर उदार होण्याचा अधिकार आपणांस नाही, हे विरक्तीच्या त्या क्षणीही त्यांच्या ध्यानात राहिले. आम्हांस त्या वैराग्याइतकाच हा हिशेब थोर वाटतो.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ह्याच्या अगदी उलट जाते. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाच्या कोठारातील धान्य भुकेल्यांस वाटले. कोठार त्यांचे नव्हते. ते केवळ त्याचे राखणदार होते. त्यांस पकडून नेण्याचा हुकूम सुटला, आणि ते वाटेत असतानाच विठू महाराच्या वेषात प्रत्यक्ष विठ्ठलाने दरबारी येऊन धान्याची किंमत भरली व पावती घेतली, अशी ही कथा. लोकांस ती प्रिय आहे ती दामाजीपंतांच्या औदार्यामुळे. आमचे लक्ष मात्र त्या पावतीवर खिळते. बादशहासारख्या धनिकाचे का होईना, पण परक्याचे धान्य वाटले तर त्याची भरपाई झाल्यावाचून गोष्ट पुरी झाली असे ती सांगणाऱ्या लोकांसही वाटले नाही. खाते चुकते करावयास देवास यावे लागले. दुसरे असे, की दामाजीपंतांनी धान्य वाटले तेव्हा आपली मान पुढे केलेली होती. दुसऱ्याचे देण्याचा अधिकार त्यांस कोठून आला असेल तर तो त्या मानेतून आला. भूक दाराशी उभी असताना कुलूप तपासणारा कारकून आम्हांसही नको आहे. परंतु आमच्या संचालक मंडळाच्या सभेत एखाद्याचे व्याज सोडण्याचा ठराव मोठ्या कळवळ्याने मांडला जातो, तेव्हा मान कोणाची पुढे आहे, असे विचारावेसे वाटते. शिवाय मंडईतली बाई म्हणजे काही बिदरचा बादशहा नव्हे.

सावकाराशी आमची तुलना नेहमी केली जाते, म्हणून त्याविषयी थोडे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, आणि पाहता पाहता तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या देहावर नव्हता, कागदांवर होता. खते हाती लागली की ती जाळून टाकीत. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सावकाराच्या जागी आपलीच संस्था उभी राहावी, हा हेतू. हेतू चांगला होता व तो पुष्कळ अंशी सफलही झाला. परंतु त्यात एक गंमत होऊन बसली. सावकाराचा पैसा त्याचा स्वतःचा, म्हणून त्यास कर्ज माफ करता येत असे, पण तो करीत नसे. आम्हांस माफ करावेसे वाटते, पण करता येत नाही.

ज्या जर्मन गृहस्थाच्या कल्पनेवरून १९०४ च्या कायद्यातील खेड्यांच्या संस्था घडल्या, त्या फ्रीडरिख राइफायझेन ह्यांस ह्याच प्रश्नाने कित्येक वर्षे सतावले होते. ऱ्हाइन नदीच्या बाजूच्या गावांचे ते नगरप्रमुख. त्यांनी आरंभ केला तो दानधर्माने. १८४९ साली फ्लामर्सफेल्ड येथे काढलेल्या त्यांच्या मदतसंस्थेत सुखवस्तू गावकऱ्यांनी जबाबदारी घ्यावी आणि गरिबास कर्ज मिळावे, अशी योजना होती. धर्मबुद्धीचा हा उत्साह फार काळ टिकत नाही, असा अनुभव त्यांस आला. म्हणून १८६४ साली हेडेस्डोर्फ येथे त्यांनी जी पतसंस्था उभारली तीत कर्ज घेणाराच सभासद झाला, आणि संस्थेच्या देण्यास प्रत्येक सभासद आपल्या सर्व मालमत्तेनिशी बांधला गेला. शेजाऱ्यास कर्ज द्यावे असे म्हणून हात वर करणाऱ्याची गाय त्या हाताबरोबर गहाण पडत होती. तेथे दया आणि हिशेब ह्यांत भांडण उरले नाही, कारण दया करणाऱ्याचा खिसा आणि जाणारा पैसा ह्यांत अंतर राहिले नाही.

आमच्या नागरी बँकांत सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती असते. ह्यावाचून एवढा व्यवहार वाढलाच नसता, हे आम्हांस मान्य आहे. तथापि त्यामुळे हात वर करणे स्वस्त झाले, हेही खरे. अमर्यादित जबाबदारीचा एकच अवशेष आता आमच्या कर्जअर्जात राहिला आहे : जामीनदाराची सही. अर्जात अर्जदार आपली गरज लिहितो, व्यवस्थापक आपले मत लिहितो, संचालक मंजुरी लिहितात. पदरचे काही घालण्याची तयारी एकटा जामीनदार दाखवितो. आणि त्या सहीकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

ही सही बहुधा दयेने होत नाही, ती भिडेने होते. ‘भीड भिकेची बहीण’ असे आमचे लोक म्हणत आले, आणि त्या भिकेच्या बहिणीस आम्ही रोज खिडकीशी पाहतो. मेहुण्यास नाही कसे म्हणावे? साहेबांनी सांगितले, तेव्हा नको कसे म्हणावे? दयेत समोरच्याचे दुःख पाहिले जाते. भिडेत आपण त्याच्या डोळ्यांस कसे दिसू ते पाहिले जाते. दोन्हींचा परिणाम एकच दिसतो म्हणून त्यांस एकच समजण्याची चूक फार होते. लहान माणसाची भीड त्याचे घर बुडविते. मोठ्या माणसाची भीड बँक बुडविते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा आरंभी ठेवीदारास सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढता येतील असे ठरले होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. परंतु त्या पहिल्या आठवड्यात ज्याच्या घरी शस्त्रक्रिया ठरली होती किंवा शाळेची फी भरावयाची होती, त्याने काय केले असेल? त्या बँकेच्या कर्जांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक रक्कम एकाच बांधकाम-समूहाकडे अडकलेली निघाली. ती काही शिंप्याच्या व न्हाव्याच्या कणवेने बुडाली नाही. पुण्याची रुपी बँक १९१२ सालची. तिच्यावर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षे आपल्या ठेवीची वाट पाहण्यात म्हातारी झालेली माणसे पुण्यात पुष्कळ असतील. ठेवींवर विमा असतो हे खरे. १९९३ पासून त्याची मर्यादा १ लाख रुपये होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाली. आमच्या भाजीवालीस तेवढा पुरेल. पण सेवानिवृत्तीची सर्व रक्कम एकाच जागी ठेवणाऱ्या मास्तरांस तो पुरेलच असे नाही. आणि पैसे मिळेपर्यंतचे दिवस कोणताही विमा परत देत नाही.

हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले म्हणजे ते कर्ज अनुत्पादक ठरते. ह्या नियमास आजार समजत नाही, मयत समजत नाही, पाऊस समजत नाही. म्हणून त्यास निर्दय म्हणण्याची रीत आहे. आम्हीही पूर्वी तसे म्हणत असू, व संतापाच्या भरात आजही कधी म्हणतो. परंतु त्या नियमाचे काम समोरच्याचे ऐकणे हे नव्हेच. समोरच्याचे ऐकावयास आम्ही आहोत. जी त्या वेळी मंडईत आहे, जिला सभेचे बोलावणे नाही आणि जिच्या वतीने तेथे कोणी रडत नाही, तिचे तो ऐकतो. दोन्ही ऐकावयास एकच कान पुरेल, असा भरवसा आम्हांस स्वतःविषयी वाटत नाही.

एका शाळेतील शिपायाने चुलतभावाच्या कर्जास जामीन म्हणून सही केली होती. चुलतभाऊ गाव सोडून गेला, आणि शिपायाच्या पगारातून कपात सुरू झाली. तो दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येई, किती राहिले ते नम्रपणे विचारी, आणि आकडा ऐकून जाई. तक्रार म्हणून त्याने कधी केली नाही. सभेत त्याचा विषय निघाला तेव्हा सर्वांनाच वाईट वाटले, व व्याजात सवलत द्यावी असे तीनचार जण एकदम म्हणाले. त्यावर एका वृद्ध संचालकांनी कोरा कागद पुढे सरकवून म्हटले, ‘ज्यांस सूट द्यावीशी वाटते त्यांनी आपापल्या नावापुढे रक्कम लिहावी.’ थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कागद फिरला. जमलेली रक्कम येणे बाकीच्या दहाव्या भागाइतकीही नव्हती. दुसऱ्या दिवशी ती खात्यात भरताना भरणाऱ्याचे नाव काय लिहावे, असे रोखपालांनी विचारले. पुष्कळ विचार करून आम्ही त्या शिपायाचेच नाव लिहावयास सांगितले. राहिलेले हप्ते तो अजून भरीत आहे.