सातव्या दिवसाची सूचना



वारकरी बंधु-भगिनींनो, श्रीमद्भागवताच्या अष्टम स्कंधात मत्स्यावताराची कथा आहे. राजा सत्यव्रत कृतमाला नदीत तर्पण करीत असता त्याच्या ओंजळीत एक इवलीशी मासोळी आली. राजाने ती कमंडलूत ठेवली. ती वाढत गेली; कमंडलू पुरेना, मग रांजण, तळे, सरोवर, शेवटी सागर. तेव्हा राजाने ओळखले, की हे श्रीहरीचेच रूप. देव त्याला म्हणाला, आजपासून सातव्या दिवशी त्रैलोक्य पाण्याखाली जाईल. सर्व वनस्पती व बीजे गोळा करून ठेव. नाव येईल, तीत सप्तर्षींसह चढ.

कथा आपल्या कानांवरून पुष्कळदा गेली आहे. पण तिचे मर्म पाहा. देव सर्वसमर्थ. राजाला जागच्या जागी अलगद उचलून घेणे त्याला अवघड नव्हते. तसे न करता त्याने सात दिवस आधी सांगितले. आणि राजाने काय केले? दर्भ अंथरून चिंतन करीत बसला. पण समुद्राने मर्यादा सोडली आणि नाव दिसली, तेव्हा बीजे घेऊन तीत चढला. चिंतनही सुटले नाही, नावही सुटली नाही. "तारणारा तू असता नाव कशाला?" असे तो म्हणाला नाही. आगाऊ सूचना मिळणे ही कृपा, आणि ती मानून उठणे ही शरणागती. आजच्या निरूपणाचा विषय एवढाच.

हा विषय घेण्याचे कारण आपला महाड-पोलादपूरचा मुलूख. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून उतरते, महाडास येते. गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी तिला येऊन मिळते. पुढे बाणकोटची खाडी. वर घाटात कोसळलेला पाऊस खाली येतो आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, तर पाण्याने जायचे कुठे? म्हणून अंगणात उघडीप असली, तरी बाजारपेठेत पाणी शिरते. डोंगराचे तेच. माती पाणी पिऊन जड होते, खालच्या खडकावरून सुटते आणि वाडीवर येते.

जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. दीडशेच्या वर माणसे गेली. पुढे २०२१ साल. त्या वर्षी महामारीमुळे पायी वारी नव्हती. मोजक्याच वारकऱ्यांसह पालख्या गाडीने पंढरीस गेल्या, बाकीचे आपापल्या घरीच होते. आषाढी एकादशी २० जुलैला झाली आणि २२ जुलैला तळीये गावी डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक जीव एका गावातले. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९० मिलीमीटरच्या वर पाऊस मोजला गेला. गेलेल्यांच्या माथी दोष ठेवणारे आपण कोण? पण मागे राहिलेल्यांवर काही कर्तव्य आहे की नाही, हा प्रश्न आहे.

कीर्तन आटोपल्यावर लोक विचारतात, "बुवा, पांडुरंगाच्या मनात असेल तेच व्हायचं. मग वाडी सोडून कशाला जायचं?" आम्ही उलट विचारतो, "बाबा, पांडुरंगाच्या मनात काय आहे हे तुला कुणी सांगितलं? तू निघावंस म्हणूनच त्यानं ही बातमी तुझ्या कानी घातली नसेल कशावरून?" नवविधा भक्तीत श्रवण पहिले. कान दिले ते टाळमृदंगासाठी, तसे इशाऱ्यासाठीही.

दुसरे म्हणतात, "आमची नक्षत्रं आहेत. मृगाचं वाहन, आर्द्राचं वाहन पंचांगात लिहिलंय, वेधशाळा कशाला?" नक्षत्रांवर पेरणीचा हंगाम बांधला, ते पूर्वजांचे शहाणपणच. पण शास्त्र वाचावे तर नीट वाचावे. वराहमिहिराने बृहत्संहितेत मार्गशीर्षापासून मेघांचा गर्भ पाहण्यास सांगितले, १९५ दिवसांनी त्याची वृष्टी सांगितली, आणि पडलेले पाणी मोजण्यास हातभर रुंदीचे कुंड सांगितले. जो रात्रंदिवस चित्त देऊन ही लक्षणे पाहतो, त्याचेच भाकीत मुनीच्या वाणीसारखे खरे ठरते, असे त्याचे म्हणणे. पाहणे आणि मोजणे हीच आपली जुनी परंपरा. भारतीय हवामान विभाग १८७५ सालापासून तेच काम करीत आहे. आज कुंडाच्या जोडीला उपग्रह आणि रडार आले, इतकेच.

तिसऱ्याचे बोलणे असे: "मागच्या खेपेला लाल सांगितलं, आम्ही पोरंबाळं घेऊन शाळेत झोपलो, अन् पाऊस पडलाच नाही." त्यास एक दृष्टांत. भात पोटरीला आले, की आपण माळ्यावर राखणीला बसतो. डुक्कर रोज येत नाही. दहा रात्री जागलो आणि अकराव्या रात्री कळप आला, तर आधीच्या दहा रात्री फुकट गेल्या असे कुणी म्हणतो काय? शिवाय अंदाज जिल्ह्याचा असतो. उरणपासून पोलादपूरपर्यंत जिल्हा एक, पण पाऊस एक नाही. चुकलेली सूचना म्हणजे लबाडी नव्हे. एक रात्र मोडली, जीव राहिला. हा तोटा कोणत्या हिशेबाने?

आता रंग समजून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलीमीटरपासून जोरदार पाऊस धरतात, आणि २०४.५ च्या वर अतिमुसळधार. पाच दिवसांचा अंदाज शेतालाही उपयोगी. मोठा पाऊस सांगितला असता युरिया टाकू नका, तो वाहून जातो. भात कापणीला आले आणि पाऊस सांगितला, तर खाचरात कापून पसरू नका. कापलेले असेल तर आधी आत घ्या. विजेची सूचना 'दामिनी' नावाचे मोबाईलवरचे साधन देते.

डोंगरही आपल्या परीने सांगतो. जमिनीला नवी भेग, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येणे किंवा वाहता झरा आटणे, यांपैकी काही दिसले तर रंगाची वाट पाहू नका. निघा.

मागणे एकच. मृगापासून दसऱ्यापर्यंत रोज सायंकाळी देवळात हरिपाठ झाला, की ज्याच्या हाती मोबाईल असेल त्याने पाच दिवसांचा अंदाज मोठ्याने वाचावा. रात्री वीज जाते, मोबाईलही मुका होतो. म्हणून दिवे लागणीलाच वाचावा. कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणत्या घरी बाळंतीण आहे, त्यांना कोण उचलणार, हे टाळकऱ्यांनी आधीच वाटून घ्यावे. लाल रंग आला तर भजन त्या रात्री सुरक्षित जागी करावे. वीणा सोबत घ्यावी, गुरे सोडून द्यावी, बियाण्याची कणगी आधीच हलवावी. सत्यव्रतानेही बीजे मागे ठेवली नव्हती.

विठ्ठल विटेवर उभा आहे; त्याला आपण सगळे पुढल्या आषाढीला हवे आहोत. वाडीतले एकही माणूस कमी न होता दिंडी निघावी, हेच पांडुरंगाच्या चरणी मागणे.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.