क्षमेची घाई

गुन्हेगारांच्या पुनर्वसनाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे क्षमेपाशी येऊन थांबते. ग्लॅडिस स्टेन्स यांनी नवऱ्याला आणि दोन मुलग्यांना जाळणाऱ्यांना 1999 मध्ये क्षमा केली. सिस्टर राणी मारिया यांच्या मारेकऱ्याला त्यांच्या धाकट्या बहिणीने राखी बांधली. हे सांगताना लिहिणाऱ्याचा गळा दाटतो आणि लेख संपतो. प्रसंग खरे आहेत, त्या स्त्रिया मोठ्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. पीडिताने क्षमा केली की न्याय पुरा झाला, आणि तुरुंगात जाणाऱ्या ख्रिस्ती सेवकांचे काम म्हणजे तो क्षण घडवून आणणे, असे आता जवळजवळ गृहीत धरले जाते. मला हे उथळ वाटते. खरे सांगायचे तर काहीसे निर्दयही वाटते.

इतर मतांची दखल एका दमात घेता येईल. फाशीची मागणी करणाऱ्यांना पीडितापेक्षा जल्लादात अधिक रस असतो. बायबल घेऊन तुरुंगात जाणारा प्रत्येक जण धर्मांतरासाठीच जातो, असे मानणाऱ्यांनी त्या सेवकांइतक्या वेळा तुरुंगात जाऊन यावे आणि मग बोलावे. तुरुंगच नकोत म्हणणाऱ्यांचे मत परिसंवादापुरते ठीक. क्षमावाद्यांचे तसे नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणूनच त्यांच्याशी भांडायला हवे.

ही गल्लत किती जुनी आणि किती प्रतिष्ठित आहे, ते पाहण्यासाठी स्टुटगार्टकडे वळू. ऑक्टोबर 1945 मध्ये, शहर अजून ढिगाऱ्यांत असताना, जर्मनीच्या प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी तिथे आपल्या अपराधाची कबुली दिली. त्यांत मार्टिन नीमोलर होते, नाझींच्या छळछावण्यांतून नुकतेच सुटलेले. कबुली सवंग नव्हती. देशात तिच्यावर चर्चच्याच लोकांचा रोष ओढवला. पण ती ऐकायला समोर कोण होते? परदेशी चर्चांचे शिष्टमंडळ. आम्ही पुरेशा धैर्याने साक्ष दिली नाही, पुरेशा निष्ठेने प्रार्थना केली नाही, असे दोष त्यांनी मान्य केले. ज्यूंचा त्या मजकुरात उल्लेखही नाही. कबुली देणाऱ्याने ऐकणारा स्वतः निवडला की असे होते.

बत्तीस वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच शहरात उलटे घडले. 18 ऑक्टोबर 1977 च्या सकाळी स्टामहाइमच्या तुरुंगात लाल सेना गट या डाव्या अतिरेकी संघटनेचे तीन कैदी मृत किंवा मरणाच्या दारात आढळले. त्यांतली गुडरून एन्स्लिन ही प्रोटेस्टंट पाद्र्याची मुलगी. दुसऱ्या दिवशी, या गटाने पळवून नेलेले उद्योजक संघटनेचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर यांचा मृतदेह सापडला. कैद्यांच्या बदल्यात वडिलांना सोडवावे म्हणून श्लायर यांचा मुलगा घटना न्यायालयापर्यंत गेला होता. त्याची मागणी फेटाळली गेली होती. 25 तारखेला सेंट एबरहार्ड चर्चमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वाल्टर शील यांनी सर्व जर्मन नागरिकांच्या वतीने कुटुंबाची क्षमा मागितली. सत्ताधाऱ्याच्या तोंडून असे शब्द क्वचितच निघतात. (महापौर मानफ्रेड रोमेल यांनी शहराचा संताप सोसून त्या तीन कैद्यांना डोर्नहाल्डन स्मशानभूमीत जागा दिली, तेही विसरू नये.) मात्र ज्यांनी मारले ते गप्प होते. क्षमा मागणारा भेटला, उत्तर देणारा भेटला नाही.

माझा सगळा मुद्दा या दोन गोष्टींतल्या अंतरावर उभा आहे. क्षमा मागणे आणि उत्तर देणे ही एकाच वाटेवरची दोन पावले नाहीत. क्षमा मागताना गुन्हेगार आपल्या जवळचे ओझे पीडिताच्या हातात ठेवतो: आता काय करायचे ते तुम्ही ठरवा. नाही म्हटले तर पीडित कोत्या मनाचा ठरतो, हो म्हटले तर फाइल बंद होते. उत्तर देताना ओझे गुन्हेगाराकडेच राहते. माझ्याच घरात का शिरलास? तो शेवटी काय बोलला? चोरलेली अंगठी कुठे विकलीस? अशा प्रश्नांना उत्तर द्यायचे, तर पीडिताकडून काहीही परत मिळण्याची अपेक्षा न ठेवता द्यावे लागते.

क्षमावादी यावर म्हणतील, क्षमा पीडितालाच मोकळे करते, द्वेषाचे विष त्याच्याच अंगात भिनलेले असते. काहींच्या बाबतीत हे खरे आहे, नाकारत नाही. पण हा अनुभव आहे. त्याचा नियम करून तो दुसऱ्याला सांगितला की उपचाराचा हुकूम होतो. ज्या बाईच्या मुलाला मारले गेले तिच्या रागाला विष म्हणण्याचा अधिकार कोणी दिला? तो राग म्हणजे मुलाची बाजू मांडणारा या जगात उरलेला शेवटचा वकीलही असू शकतो. क्षमावाद्यांचे दुसरे म्हणणे असे की येशूची शिकवणच ही आहे. मग ज्या गोष्टीवरून तुरुंगसेवेतल्या एका प्रसिद्ध उपक्रमाला नाव मिळाले, तीच पाहू. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार येशूला पाहायला उंबरावर चढतो. येशू त्याच्या घरी उतरतो. जक्कय उभा राहून काय म्हणतो? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. त्या गोष्टीत क्षमेचा शब्द नाही, हिशेब आहे. आणि तारण या घरी आले आहे, असे येशू म्हणतो ते हा हिशेब ऐकल्यावर.

वॉटरगेट प्रकरणात तुरुंगवास भोगलेले चार्ल्स कोल्सन यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या प्रिझन फेलोशिपच्या जागतिक परिवारात हा उंबराच्या झाडाचा उपक्रम वाढला. स्टुटगार्टच्या पश्चिमेला लेओनबर्गमध्ये झेहाउस ही ख्रिस्ती संस्था त्याच धर्तीवर गुन्हेगार आणि पीडित यांच्या बैठका घेते. टोबियास मेर्क्ले यांच्या पुढाकाराने 2003 मध्ये तिथे तरुण कैद्यांसाठी गजाआडच्या तुरुंगाला पर्याय उभा राहिला: मुले एखाद्या कुटुंबासोबत राहतात, पहाटे धावतात, काम शिकतात. मराठी वाचकाला औंध संस्थानातले आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आठवेल; त्यावरून व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये केलेला ‘दो आँखें बारह हाथ’ तर आठवेलच. त्यातले सहा कैदी डोळ्यांसमोर येतात. त्यांनी ज्यांना मारले, त्यांच्यापैकी कोणाचा चेहरा आठवतो?

लेओनबर्गच्या बैठकांतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की समोरासमोर बसणारे एकमेकांचे नसतात. घरफोडी झालेली बाई दुसऱ्याच कोणाचे घर फोडलेल्या मुलाशी बोलते. पुष्कळांना ही उणीव वाटते. मला ती या रचनेची ताकद वाटते. तिच्या हाती त्याला देण्यासारखी क्षमाच नाही, कारण त्याने तिचे काही केलेले नाही. त्यामुळे ती मागण्याची सोय त्याला उरत नाही. विचारणे आणि सांगणे एवढेच उरते. अर्थात मर्यादाही उघड आहे. तिच्या अंगठीचे काय झाले, ते या मुलाला ठाऊक नसते.

ही मर्यादा किती कठोर असते, ते मिशाएल बूबाक सांगू शकतील. त्यांचे वडील, महाअभियोक्ता झीगफ्रीड बूबाक, यांना एप्रिल 1977 मध्ये कार्ल्सरूअमध्ये लाल सेना गटाकडून मोटारसायकलवरून गोळ्या घातल्या गेल्या. रसायनशास्त्राच्या या प्राध्यापकाने पुढे वर्षानुवर्षे एकच प्रश्न लावून धरला: गोळी कोणी झाडली? 2010 मध्ये त्या गटातल्या फेरेना बेकर यांच्यावरचा खटला स्टामहाइममध्येच उभा राहिला. 2012 मध्ये त्यांना साहाय्याबद्दल चार वर्षांची शिक्षा झाली. बूबाक यांच्या प्रश्नाला निर्विवाद उत्तर मात्र मिळाले नाही.

इथे तुरुंगातल्या धर्मसेवकाची अडचण सुरू होते. जर्मनीत तुरुंगातील धर्मसेवेला राज्यघटनेचे संरक्षण आहे, आणि कैद्याने विश्वासाने सांगितलेले पाद्र्याला न्यायालयातही सांगावे लागत नाही. हे रक्षण हवेच. ज्या खोलीतून एक शब्दही बाहेर जात नाही, अशी एक तरी खोली तुरुंगात असावी. पण तिथे बोललेले खरे तिथेच राहते, आणि बोलणाऱ्याला वाटते की आपण बोललो, संपले. देवाने क्षमा केली, आता त्या माणसाने का करू नये? जर्मन धर्मशास्त्रज्ञ बोनहोफर यांनी 1937 मध्ये स्वस्त कृपेवर कोरडे ओढले ते अशाच चर्चसाठी. म्हणून माझे मत असे की तुरुंगातल्या पाद्र्याने पीडिताकडे क्षमेचा निरोप घेऊन कधीच जाऊ नये. गुपित फोडू नये, पण कैद्याला त्या गुपितात आरामात बसूही देऊ नये. हे उत्तर तुला कोणाला तरी द्यायचे आहे, याची आठवण त्याने करून देत राहावी, पीडिताला ते ऐकायचे असेल तर. जर्मन कायद्यानेही हे जपले आहे: तडजोड घडली तर 1994 पासून शिक्षा कमी होऊ शकते, पण पीडिताचा स्पष्ट नकार असेल तर तो मार्ग बंद.

आपल्याकडे निदान या अटीपासून सुरुवात करता येईल. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नस्कर प्रकरणात 2000 मध्ये मुदतपूर्व सुटकेचे पाच निकष सांगितले. गुन्ह्याचा समाजावरचा परिणाम, तो पुन्हा होण्याचा संभव, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता, त्याला आणखी डांबून ठेवण्यातला अर्थ आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती. कुटुंब अर्थात कैद्याचे. बिल्किस बानो प्रकरणातले अकरा दोषी 15 ऑगस्ट 2022 रोजी सुटले; जानेवारी 2024 मध्ये ती सुटका रद्द झाली, कारण हा निर्णय घेण्याचा अधिकार गुजरातचा नव्हे, महाराष्ट्राचा होता. अधिकार कोणत्या सरकारचा, यावर आपण पुष्कळ बोललो. त्या अकरा जणांना, कोठडीत असताना, बिल्किस यांच्या एखाद्या तरी प्रश्नाचे उत्तर द्यायला कोणी सांगितले होते का, हे त्या सगळ्या गदारोळात मला कुठे वाचायला मिळाले नाही.