जरा आणि व्याधी

‘आता वय झालं’ हे वाक्य आपल्याकडे समजूतदारपणाच्या सुरात उच्चारलं जातं, पण पुष्कळदा त्याचा अर्थ तपासणी थांबवणं एवढाच असतो. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात जन्म-मृत्यूसोबत जरा आणि व्याधी येतात, पण वेगवेगळ्या मोजून. हा भेद व्यवहारात पाळायचा, तर तो ओळखणारे डॉक्टर घडवावे लागतात. डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातल्या सातशेहून अधिक दीर्घकालीन रुग्णांची जबाबदारी आली. त्यांनी एकेकाचं निदान केलं, अंथरुणाला खिळलेल्यांना हालचाल करायला लावली आणि कितीतरी जण घरी परतले. त्यांचं वय कमी झालं नव्हतं. वयाच्या नावावर खपलेली हेळसांड तेवढी थांबली होती. मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये वृद्धरोगशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, त्याचं मोल मला इथे दिसतं.

यावर आक्षेप येतो, की अशा अभ्यासक्रमांमुळे देहाची आसक्ती वाढेल, वानप्रस्थाची वृत्ती हरवेल. पण वैराग्य ज्याचं त्यानं स्वीकारायचं असतं. सुनेनं, मुलानं किंवा डॉक्टरनं ते आजीवर लादलं तर तो निव्वळ त्याग ठरतो, आणि तोही आजीचाच. शिवाय हे शास्त्र अनावश्यक गोळ्या कमी करायला, निरुपयोगी उपचार थांबवायलाही शिकवतं. तरुण रुग्णांचा हक्क आधी, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र मोतीबिंदू काढणं, श्रवणयंत्र देणं, पडण्याचं कारण शोधणं यासाठी कुणा तरुणाची खाट हिरावून घ्यावी लागत नाही.